ड्रायव्हर होशील

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना एक वाक्य मी इतक्या वेळा वापरलं, की पोरं माझी नक्कल करताना तेच म्हणायची. गृहपाठ न आणणाऱ्याला, खिडकीतून रस्त्याकडे बघत बसणाऱ्याला उभं करायचं आणि सुनवायचं, "शिकला नाहीस तर ड्रायव्हर होशील." वर्ग हसायचा. उभा असलेला पोरगाही मान खाली घालून हसायचा. कळंब-येरमाळा रस्त्यावर काळी-पिवळी चालवणाऱ्या बापाचा एखादा पोरगा वर्गात दर वर्षी असेच. तो हसायचा की नाही, हे मी कधी पाहिलं नाही. म्हणजे बघायचं सुचलंच नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं पुण्याला मुलीकडे, खराडीला राहायला आलो. बायकोचे गुडघे दुखतात, दवाखान्याच्या फेऱ्या ठरलेल्या. सुरुवातीला रिक्षा स्टँडवर जाऊन विचारायचं, एकाने नुसती मान हलवायची, दुसऱ्याने मनाला येईल तो आकडा सांगायचा, असं चाललं होतं. मुलीने फोनमध्ये ॲप टाकून दिलं आणि तो जाच संपला. भाडं आधी दिसतं, गाडी सोसायटीच्या फाटकाशी येते, घासाघीस करावी लागत नाही. रात्री उशिरा ऑफिसातून निघालेली मुलगी कुठवर आली, ते घरबसल्या नकाशावर दिसतं. ही सोय लहान नाही, आणि पुढे मी जे सांगणार आहे त्याने ती कमी होत नाही.

ॲप आवडण्याचं आणखी एक कारण होतं, ते मुलीलाही सांगितलेलं नाही. पुण्यात मी तोंड उघडलं की माझा धाराशिव जिल्हा बाहेर पडतो. "कुठं चाललाव", "काय करलालास" हे कानावर पडलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला सोसत नाही. चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला तर नाहीच. ॲपमध्ये बोलावंच लागत नव्हतं. ओटीपीचे चार आकडे सांगितले की झालं.

गावाकडे असं नव्हतं. कळंबला आजही दवाखान्यात जायचं तर ओळखीच्या ड्रायव्हरला फोन लावतात. त्याला घर माहीत असतं, घरातलं आजारपण माहीत असतं, पैसे पुढच्या आठवड्याला दिले तरी चालतात. काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही, पण तोवर चालक खाली उतरून कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं हे सांगत बसतो. पुण्यात ड्रायव्हरचं नाव, फोटो, गाडीचा नंबर सगळं माझ्या हातातल्या फोनवर असायचं. नंबर मी वाचायचो. नाव नाही.

आणि राग यायचा तो बुकिंग कॅन्सल होण्याचा. गाडी चार मिनिटांवर दिसते, आपण जिना उतरतो, फाटकाशी पोचतो, आणि ड्रायव्हरने ट्रिप रद्द केलेली असते. किंवा आधी फोन येतो, "कुठं जायचंय? कॅश का ऑनलाइन?" मी तोडून बोलायचो, "ॲपमध्ये बघ ना." अरे-तुरे. रिक्षावाल्याला मी अहो म्हणायचो, या पोरांना अरे. वयाने लहान आहेत, अशी स्वतःची समजूत घातली होती. माझं निदान पक्कं होतं: शेती करायची नाही, अभ्यास झाला नाही, शहरात येऊन गाडी फिरवायची आणि तीही मर्जीप्रमाणे. गाडी आली, पण एसी लावला नाही, रस्ता चुकला, फोनवर बोलत होता, तर उतरल्यावर मी एक तारा द्यायचो. द्यायला बरं वाटायचं. निवृत्त मास्तरच्या हातात पुन्हा लाल पेन आलं होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातल्या कॅबचालकांनी संप केला, तेव्हा मी घरात बसून "ही अडवणूक आहे" असं मोठ्याने म्हणालो होतो. संप कशासाठी आहे ते बातमीत खाली दिलं होतं. मी वरचंच वाचलं.

आता पुतण्याबद्दल सांगायला हवं, कारण माझं मत फिरलं ते त्याच्यामुळे.

धाकट्या भावाचा मुलगा. हुशार नव्हता, पण चिकाटीचा. बारावीनंतर त्याला मीच सांगितलं की डी.एड. कर, मास्तर हो, आमच्यासारखं सुखाचं आयुष्य जगशील. त्या काळात जिल्ह्याजिल्ह्यात डी.एड. कॉलेजं उघडली होती आणि शेतकरी बाप त्यासाठी कर्ज काढत होते. त्याने केलं डी.एड. तोवर भरती आटली. २०१३ मध्ये टीईटी ही शिक्षकांची पात्रता परीक्षा आली, २०१७ मध्ये भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं. त्याच्या हातात प्रमाणपत्र होतं आणि वर्ग नव्हता. मधल्या काळात दुष्काळ. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरणात पाणी उरलं नव्हतं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यायची वेळ आली. ती पाण्याची गाडी आमच्या जिल्ह्यातून जायची, आम्ही तिच्याकडे बघायचो. त्याच सुमारास गावागावांत बोललं जायचं की पुण्यात ओला-उबरला गाडी लावली तर महिन्याला लाखभर मिळतात. कंपन्या तेव्हा ट्रिपांवर इन्सेंटिव्ह वाटत होत्या, आकडे अगदीच खोटे नव्हते. भावाने एक बैलजोडी विकली, बाकी फायनान्स, आणि पिवळ्या पाटीची पांढरी गाडी घेऊन पुतण्या पुण्याला गेला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

वर्ष-दोन वर्षांत इन्सेंटिव्ह कमी झाले. मार्च २०१८ मध्ये मुंबई-पुण्यात चालकांचा संप झाला तो याच दुखण्यापायी. पण गाडीचा हप्ता कमी होत नसतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो गाडी घेऊन गावी आला. पिवळ्या पाटीची गाडी पावसाळाभर वाड्यासमोर उभी होती, तिच्या टपावर कोंबड्या बसायच्या. मी तेव्हा त्याला म्हणालो, "बघ, सांगत होतो." म्हणालो, हे खरं आहे. लपवत नाही.

पुण्यात तो वाघोलीला राहतो, आमच्यापासून जवळ. तरी वर्षभर मी त्याच्या खोलीवर गेलो नव्हतो. मागल्या वर्षी मुलगी आणि जावई बाहेरगावी, बायको एका लग्नाला गावी, असा योग आला आणि तो संध्याकाळी मला न्यायला आला. "तात्या, एकटे कशाला राहता, चला माझ्याकडं." मी पुढच्या सीटवर बसलो. डॅशबोर्डवर स्टँडला फोन, ॲप चालूच. म्हणाला, जाता जाता घराच्या दिशेचं एखादं बुकिंग मिळालं तर घेऊ, तुम्ही बसा पुढं, गिऱ्हाइकाला सांगतो घरचे आहेत म्हणून.

खराडी बायपासच्या चौकात आम्ही अडकलो होतो. वाहतुकीच्या बाबतीत पुणं जगातल्या सगळ्यात संथ शहरांत गणलं जातं; टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत पुणं जगात चौथं होतं, दहा किलोमीटरला सरासरी तेहतीस मिनिटं. ही वर्षभराची सरासरी आहे. संध्याकाळी सात वाजता नगर रोडवर उभं राहिलं की सरासरी फार चांगली वाटते.

फोन टणटणला. पडद्यावर भाड्याचा आकडा, पिकअप किती लांब, ड्रॉप कुठं, आणि कडेने आकसत जाणारी एक रेघ. रेघ संपायच्या आत हो म्हणायचं. पुतण्याने बघितलं आणि जाऊ दिलं. दुसरं आलं, तेही जाऊ दिलं. माझ्यातला गिऱ्हाईक जागा झाला. "अरे घे ना! कोण तरी उभं असेल तिथं ताटकळत."

त्याने वाद घातला नाही. स्टँडवरचा फोन काढून माझ्या हातात दिला. "घ्या तात्या. तुम्हीच ठरवा. सांगाल ते घेतो."

मी चष्मा लावला. पुढचं बुकिंग आलं. भाडं बरं वाटलं, पण पिकअप मागे शास्त्रीनगरच्या बाजूला, चार किलोमीटरवर. आत्ता चौक ओलांडायलाच दहा मिनिटं लागत होती, तर तिथवर जायला किती? जाण्याचं भाडं मिळतं का? नाही मिळत. तिथून ड्रॉप तर आणखी पलीकडे, म्हणजे परत यायचं ते रिकामं. मी हिशेब करतोय तोवर रेघ संपली. मनातल्या मनात मला सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणी मी त्याच पोरांपैकी एक झालो होतो ज्यांचे गेली काही वर्षं मी तारे कापत होतो, आणि मला ते कळलंही.

पण हट्ट होता. पुढचं आलं ते विमाननगरहून वाघोली. घराच्याच दिशेचं, फक्त पिकअपसाठी मागे जायचं. मी हो दाबलं. पुतण्या काही बोलला नाही, यू-टर्न घेतला.

त्या रस्त्याने मला जे शिकवलं ते बी.एड.ला शिकवलं नव्हतं. गाडी हलते आणि थांबते. सीएनजीचा काटा खाली येतो. नकाशावर आमची गाडी इवलीशी, जिथल्या तिथे. वीसेक मिनिटांनी फोन आला, पुतण्याने स्पीकरवर घेतला.

"अहो, कधीपासून गाडी हलतच नाहीये तुमची."

"सर, ट्रॅफिक हाय लई. आलोच, सिग्नलला हाय."

"मग बुकिंग घेता कशाला तुम्ही लोक?"

तुम्ही लोक. माझ्या तोंडचे शब्द, माझाच सूर. शिकलेला, थोडा दमलेला, बरोबर असण्याची खात्री असलेला. पुतण्या "सॉरी सर" म्हणाला आणि फोन ठेवला. सिग्नल सुटला, आम्ही वळलो, आणि दोनेकशे मीटरवर असताना पडद्यावर आलं की गिऱ्हाइकाने ट्रिप रद्द केली.

मला वाटलं तो शिवी देईल. त्याने फोन परत स्टँडला लावला, गाडी वाघोलीकडे वळवली आणि म्हणाला, "त्याला दुसऱ्या ॲपवर मिळाली असंल जवळची." अगदी सहज. त्या सहजतेनेच मला जास्त लागलं. कारण मीही तेच करतो. घाई असली की दोन ॲपवर बुकिंग टाकायचं, जी गाडी आधी येईल तिच्यात बसायचं, दुसरी रद्द. कुठल्याशा चौकात कुणीतरी यू-टर्न घेऊन माझ्याकडे निघालेला असतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्याने रद्द केलं की तो बेशिस्त. मी रद्द केलं की ती सोय. त्याला एक तारा देणारा मी होतो. मला देणारं कोण होतं?

रात्री खोलीवर जेवणं झाल्यावर तो वही घेऊन बसला. "काय करलालास?" मी विचारलं. पुण्यात कित्येक दिवसांनी ते माझ्या तोंडून मोकळेपणी निघालं. "हिशेबच करलालो." गाडीचा हप्ता, सीएनजी, इन्शुरन्स, पासिंग, टायर, खोलीभाडं, गावाकडे पाठवायचे. कंपनीचं कमिशन आधीच कापून आलेलं. गॅससाठी पंपावर किती वेळ रांगेत गेला, त्याचा रकाना नसतो. मला राग आणणाऱ्या त्या फोनबद्दल विचारलं, कुठं जायचंय म्हणून का विचारता? तो हसला. पूर्वी ड्रॉप कुठं आहे ते ओटीपी टाकल्याशिवाय ड्रायव्हरला दिसतच नसे. रात्री अकराला घराकडे तोंड करून उभा असलेला माणूस गिऱ्हाईक बसवायचा आणि मग त्याला कळायचं की हिंजवडीला जायचंय. अलीकडे ॲपवर दिसू लागलं, पण फोन करायची सवय राहिली. आणि कॅश का विचारायचं, तर ऑनलाइनचे पैसे कंपनीकडून नंतर येतात आणि सीएनजीवाला आत्ता मागतो.

मग मी विचारलं ते, जे खरं तर विचारायचं नव्हतं. एक तारा मिळाला की काय होतं?

"सरासरी खाली येती. लई खाली गेली तर आयडी बंद व्हायची भीती असती. पण ते सोडा. कोणी दिला, कशामुळं दिला, नीट कळत नाही ना तात्या. मग झोपताना दिवसभरातली एकेक ट्रिप आठवत बसायचं, कोण असंल."

आयुष्यभर मी गुण दिले. पण पेपर न वाचता कधी दिले नव्हते, आणि नापास केलेल्याला कुठं चुकला ते सांगितल्याशिवाय तर कधीच नाही. हातात फोन आला आणि तेवढीही नीती मी पाळली नाही.

दिवा घालवल्यावर अंधारात तो म्हणाला, "तुम्ही मनायचा ना वर्गात, ड्रायव्हर होशील म्हणून. मी तर तुमचं ऐकून मास्तर व्हायला निघालो होतो." त्यात टोमणा नव्हता. गंमत वाटली म्हणून तो बोलला आणि लगेच झोपला. मला झोप लागली नाही. ड्रायव्हर हा मी शिव्यांच्या यादीत घातलेला शब्द होता, आणि ज्याने माझा शब्द सगळ्यात जास्त मानला त्याच्याच वाट्याला ते काम आलं. आता ते काम तो नीट करतोय, तरी माझ्या घरातून त्याला मिळाले ते फक्त "सांगत होतो" हे दोन शब्द.

त्यानंतर मी फेब्रुवारी २०२४ च्या संपाची ती बातमी पुन्हा वाचून काढली, या वेळी खालपर्यंत. पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने वातानुकूलित कॅबसाठी दर ठरवून दिला होता: पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला २५. जानेवारी २०२४ पासून तो लागू व्हायचा होता. ॲपवर भाडं दिसत होतं ते त्याहून कमी. संपकऱ्यांची मागणी एवढीच, की सरकारने ठरवलेला दर द्या. मार्च २०२४ मध्ये प्राधिकरणाने ओला आणि उबरचे चारचाकींच्या परवान्याचे अर्ज फेटाळले. गाड्या मात्र धावतच राहिल्या, कारण शहराला त्या हव्या होत्या. मलाही हव्या होत्या. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत होतं की भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला मिळावा आणि दिवसात १२ तासांपेक्षा जास्त लॉगिन नको. पुतण्याला हे वाचून दाखवलं. म्हणाला, "एका ॲपवर बारा झाले की दुसरं उघडायचं. हप्ता थोडाच बारा तासाचा असतोय?"

स्वस्त भाड्याचं मला कौतुक वाटायचं. ते स्वस्त कुणाच्या खिशातून होतं, याची चौकशी मी केली नव्हती. गणितही शिकवलंय मी काही वर्षं.

म्हणून आता सगळं पटतं असं नाही. २०२५ मध्ये पुण्यातल्या अनेक चालकांनी ॲपवरचं भाडं न घेता सरकारी दराने पैसे मागायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं मला समजतं, पण उतरताना अचानक जास्तीचा आकडा ऐकणाऱ्या म्हातारीला ते कसं समजावं? पुतण्याशी यावरून माझं वाजलंय, अजून वाजतं. बायकोला दवाखान्यातून आणताना पावसात तिसरी गाडी रद्द झाली, तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. राग गेलेला नाही. फक्त तो समोरच्या पोरावर काढायचा की दर ठरवून गप्प बसणाऱ्यांवर आणि ते न पाळणाऱ्यांवर, याबाबत आता माझा गोंधळ होत नाही.

तारे देणं मी बंद केलंय. काही चुकलं तर तोंडाने सांगतो, गाडीतच. दोन ॲपवर बुकिंग टाकत नाही. आणि बसल्यावर गाव विचारतो, माझ्या बोलीत. लातूर, बीड, परभणी, परंडा, भूम, उमरगा, अशी उत्तरं येतात. एकाने गाव सांगितलं ते माझ्या जुन्या शाळेपासून दोन कोसांवरचं निघालं. तुमच्या घरातला, भावकीतला कुणी पुण्या-मुंबईत गाडी चालवत असेल, तर एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसा आणि बुकिंग घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पुतण्याला हे सगळं तोंडावर सांगायला मला अजून जमलेलं नाही. छापून आलं की अंक त्याला पाठवणार आहे.